बसलेली घोडी

शालूताई गेल्याचा फोन भाचीनं केला. "मावशी गेली," एवढंच... आदल्या संध्याकाळी मी दवाखान्यात तिच्याजवळ होतो. तब्येतीबद्दल तिनं चकार शब्द काढला नव्हता. विचारलं ते घरच्या घोडीबद्दल.

"बसली आहे ना रे ती?"

"अर्धी उठली."

"उठणारच. पुट्टी लावायची राहिली ना. मी आली की लावते. तोवर तू बसवून ठेव तिला."

शालूताई माझी आतेबहीण. बड्या फुहाऱ्याच्या चौकातल्या तयार कपड्यांच्या दुकानात सगळी नोकरी तिनं काउंटरमागे उभ्यानं केली. तिथं एक स्टूल होतं, पण ते मालकाच्या पिशवीसाठी. "दीदी, ग्राहक के सामने बैठना नहीं," हे मालक इतक्या अदबीनं सांगायचे की वाद घालायची सोय नव्हती. पायांच्या शिरा गाठाळल्या तेव्हा नोकरी सुटली. मग ती लहान मुलांच्या प्लास्टिकच्या घोड्या विकत आणू लागली. मोठाले डोळे, गुलाबी आयाळ, चारही पाय ताठ. "सगळ्या उभ्याच काहून बनवून राहिले हे लोक?" असं म्हणत ती एकेकीला बसवायची. उकळत्या पाण्यात पाय मऊ करायचे, आत तार घालायची, गुडघ्यात वाकवून थंड पाण्यात धरायचे. मग सांध्यांवर पुट्टी चढवायची, त्यात भेडाघाटच्या संगमरवराची भुकटी. वाळली की घासून नवे गुडघे कोरायचे, रंगवायचे. मी एकदा घाईनं हात काढला तर पाय सटकन सरळ झाला. "प्लास्टिक आपली जुनी सवय विसरत नाही, बाप्पा," ती म्हणाली. "पुरतं गार होईपर्यंत सोडायचं नाही. आणि पुट्टी नसली तर उन्हाळ्यात पुन्हा उभी राहते मेली."

शोकसभेत आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी तिला अश्वशिल्पाची थोर उपासक म्हटलं. ती असताना ते तिच्या खोलीत एकदाच आले होते, वर्गणीसाठी. टेबलावर झेंडूचा हार घातलेली एक घोडी होती. दुकानातून नवी आणलेली, ताठ उभी. ताईच्या घोड्या का नाही आणल्या, असं विचारलं तर म्हणाले, "बसलेलं जनावर आजारी वाटतं हो. अशा प्रसंगी बरं दिसत नाही." मी चहा न घेता निघालो.

काल भाचीसोबत खोली आवरायला गेलो. वर पत्रे, बाहेर मे महिना. फळीवरच्या बाकीच्या घोड्या पाय दुमडून निवांत बसलेल्या. खिडकीतली ती शेवटची मात्र पुढच्या दोन्ही पायांवर उठली होती, मागचेही निघायच्या बेतात... मी गॅसवर पाणी ठेवलं. पाय मऊ झाले तसे वाकवले आणि तिला माठातल्या पाण्याच्या पातेल्यात धरून बसलो. पुट्टीचा डबा उघडला होता. आतली पुट्टी दगड झाली होती.

"मामा, झालं असेल आता. सोडा," भाची म्हणाली.

पाय केव्हाच गार झाले होते. मी हात काढला नाही.