धावपट्टीच्या तोंडाशी

पाठ कामातून गेली आणि हवाई दलाने मला विमानातून उतरवून ऑफिसच्या खुर्चीवर बसवलं. चंडीगढच्या क्वार्टरमध्ये मी मग कॉम्प्युटरवर विमानाचा खेळ खेळू लागलो. पण धावपट्टी दिसायला लागली, की कॉम्प्युटर नेमका बंद पडायचा. नोकरीत एकही लँडिंग न चुकलेल्या माणसाला हे झोंबणारच.

दुरुस्तीला एक वयस्कर सरदारजी सायकलवरून आले. दहशतवादाचे दिवस होते; वायरींनी भरलेला त्यांचा डबा येताना पोलिसांनी तीन नाक्यांवर उघडायला लावला होता.

"उडाइए," एवढंच म्हणून ते कॅबिनेटवर तळहात ठेवून, डोळे मिटून बसले. वीस मिनिटांनी खेळ थांबला, तेव्हा खुशीत हसले. "गरम होके चिप ऊपर सरक जाती है, जी." मग झाकण काढून त्यांनी एकेक चिप अंगठ्याने खाली दाबली.

"झालं ना?" मी हिंदीत विचारलं.

"लँडिंग तो देख लूँ."

कर्फ्यूची वेळ जवळ आली, तरी ते हलले नाहीत. चाकं धावपट्टीला टेकली, तेव्हा माझ्याआधी त्यांनीच श्वास सोडला.

नाक्यावर पुन्हा झडती नको, म्हणून मी माझ्या सहीची चिठ्ठी लिहिली. त्यांनी ती घेतली नाही. डबाच माझ्यापुढे उघडला. प्रत्येक वायर गुंडाळून बांधलेली, प्रत्येक हत्यार पुसून आपापल्या खणात.

"खोलने दो उनको, साहबजी. ऐसा डब्बा उन्होंने और कहाँ देखा होगा!"

चिठ्ठी माझ्या हातातच राहिली.