शिळं पाणी

काचबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत त्यांनी बत्तीस वर्षं काचेची भांडी धुतली, तिथेच कुणीतरी हे नाव चिकटवलं, आणि डाग काढण्यात हयात गेलेल्या बाईला तो एक डाग काही काढता आला नाही. धुतलेली नळी त्या उजेडासमोर धरायच्या. आतून पाणी एकसारखं उतरलं तर ठीक. एखादा थेंब जरी काचेला चिकटून राहिला, तरी नळी पुन्हा साबणात. मोठमोठे डॉक्टर घाई करायचे, पण बाई ढिम्म. "तुमचं मशीन खोटं बोलायचं नाही साहेब, पण माझी घाण नळी बोलेल," असं तोंडावर सांगायच्या. साहेब मुकाट्याने थांबायचे.

निवृत्त झाल्या तेव्हा सगळ्यांनी मिळून त्यांना लकी बांबू दिला. हिरव्यागार तीन कांड्या, खाली पांढरे गोटे, आणि हे सगळं एका पसरट काचेच्या भांड्यात. नवरा पेशाने शिंपी, सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांनी भांडं सगळीकडून न्याहाळलं आणि म्हणाले, "बत्तीस वर्षं काच धुतलीस, म्हणून बक्षीस काय? धुवायला आणखी एक काच!"

बाईंनी ती काचही धुतली. दर आठवड्याला गोटे वेगळे, भांडं वेगळं, मुळं हलक्या हाताने खळखळून, आणि भांडं उजेडाला धरून बघितल्याशिवाय कांड्या परत आत जायच्या नाहीत. पाणी मात्र नळाचं थेट घालायचं नाही. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं हे त्यांना वासावरूनच कळायचं, आणि त्याने पानांची टोकं जळतात. म्हणून औषध उडून जावं यासाठी एक पातेलं भरून दिवसभर ओट्यावर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी ते घालायचं. "माणसाला ताजं, बांबूला शिळं," हा त्यांचा नियम. आणि झाड खिडकीपासून लांब, मास्तरांच्या कापायच्या टेबलाच्या कडेला. उजेड हवा, ऊन नको.

त्या टेबलाचेही नियम होते. मास्तरांची मोठी लोखंडी कात्री फक्त कापडाला. लेकाने लहानपणी एकदा तिने पतंगाचा कागद कापला, तर मास्तर दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. खडूची रेघ मारायची आणि त्या रेघेवरून कात्री अशी चालवायची की रेघ अर्धी इकडे, अर्धी तिकडे. गिऱ्हाइकं कपडे शिवायला यायची तशी ते बघायलाही यायची.

मग एका सकाळी मास्तरांच्या हातातून खडू गळून पडला. तोंड वाकडं झालं, उजवी बाजू लुळी पडली. काचबाई तीन आठवडे दवाखान्यात त्यांच्या उशाशी होत्या.

मास्तरांना घेऊन घरी परत आल्या तेव्हा सूनबाईने हौसेने झाड पुढे केलं. "आई, एक दिवस चुकवला नाही हं! रोज ते शिळं पाणी ओतून दिलं आणि नळाचं ताजं घातलं. जरा ऊन खाऊ दे म्हणून खिडकीतही ठेवलं."

पानांची टोकं करपली होती. एक कांडी तर बुडापासून पिवळी पडत अर्ध्यावर आली होती. बाईंनी सुनेकडे बघितलं. पोरीने घर, पोर आणि नोकरी सांभाळून हे केलं होतं. "चूक माझी गं," त्या म्हणाल्या. "मी सांगितलंच नाही. शिळं पाणी कोण कुणाला देतं?"

खरी काळजी झाडाची नव्हतीच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: हात परत येईल, पण हे पहिले काही महिने मेहनत केली तरच. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी एक मऊ चेंडू दिला होता, दिवसातून शंभर वेळा दाबायला. मास्तर तो उशीखाली सारून भिंतीकडे तोंड करून पडायचे. काचबाईंना दिसत होतं, हा माणूस हार मानतोय, आणि एकदा का हात गेला, की मागोमाग माणूसही जाणार. एवढ्या वर्षांत त्या इतक्या घाबरल्या नव्हत्या.

एका दुपारी मास्तर झाडाकडे बघत होते. जड जिभेने म्हणाले, "ते... काही जगत नाही आता. सोड पाणी त्याच्यावर."

बाई उठल्या, ओट्यावरचं पातेलं आणलं आणि झाडावर पाणी सोडलं.

"अगं, नाद सोड म्हणतोय मी!"

"मग तसं म्हणायचं. पाणी सोड म्हणालात, सोडलं."

आता इतकी साधी गोष्ट बाईंना कळली नसेल, यावर कोण विश्वास ठेवणार? पण मास्तरांच्या तोंडाची चांगली बाजू जरा हसली. काचबाईंनी ते बघितलं आणि लोखंड तापलंय तोवर घाव घातला. "ही पिवळी ठेवली तर बाकीच्या दोन्ही कुजवेल. वरचा हिरवा भाग कापून वेगळ्या पाण्यात ठेवला तर मुळं धरेल. घरातली सुरी बोथट, तिने कांडी चेंगरेल. तुमची कात्री घेते."

"माझी कात्री? झाडाला?" मास्तर कोपरावर उठले. "हात लावू नकोस!"

"मग तुम्ही कापा."

कात्री उजव्या हाताची, डाव्यात चालतच नाही. बाईंनी टेबलाशी खुर्ची ओढली, त्यांना धरून बसवलं आणि कांडी समोर धरली. मास्तरांनी डाव्या हाताने उजव्याची बोटं एकेक करून कात्रीत घातली. पहिल्यांदा कात्री निसटली. दुसऱ्यांदा नुसती सालीवर घासली. बाईंना हात पुढे करावासा वाटत होता, पण त्यांनी दोन्ही हातांनी कांडीच धरून ठेवली. पाचव्या की सहाव्या खेपेला कर्र आवाज झाला आणि हिरवा शेंडा टेबलावर पडला.

घामाघूम झालेल्या मास्तरांनी तो उचलून डोळ्यांजवळ नेला.

"तिरकं गेलं."

"झाडाला काय कळतंय?"

"मला कळतंय." त्यांनी त्या कापावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "वर्तमानपत्र आण. आणि खडू."

बाई जागच्या जागी थबकल्या. "कागद कापणार? अहो, कात्रीची धार जाईल."

"जाऊ दे. धार परत लावता येते."

काचबाईंनी वर्तमानपत्र आणून टेबलावर पसरलं, खडू त्यांच्या बोटांत दिला आणि आत गेल्या. शेंड्यासाठी एक लहान बाटली उजेडाला धरून बघितली, ती शिळ्या पाण्याने भरली. उद्यासाठी पातेलं नळाखाली धरलं. बाहेरून कात्रीचा आवाज आला, अडखळत, थांबत, पुन्हा. पातेलं भरून वाहायला लागलं तरी त्यांनी नळ बंद केला नाही, आणि पाण्याच्या आवाजाआड पदर तोंडाला लावून मनसोक्त रडून घेतलं.