ओवरीकाका

ओवरीकाका पाचसहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज साधूंबद्दल शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसांसारखं बोलायचे. "उत्तरेच्या ओवरीत बसून पोथ्या उतरवायचे बिचारे. ऊन तिथेच यायचं ना! तरी थंडीत बोटं वळायची नाहीत." सिंगापूरच्या उकाड्यात हे सांगताना ते स्वतःचे हात चोळायचे.

मी तेव्हा क्लेमेंटीत शुभाताईंच्या घरी खोली घेऊन संशोधन करत होते. काका म्हणजे त्यांचे वडील, मिरजेचे निवृत्त इतिहासशिक्षक. शाळेच्या ग्रंथालयाने मोडीत काढलेलं एक पुस्तक त्यांनी तरुणपणी घरी आणलं होतं. इंग्लंडमधल्या एका कॅथेड्रलच्या गावातल्या मठाचं. मधे हिरवळीचा चौक, भोवती कमानींच्या चार दगडी ओवऱ्या. काका तिथे कधीच गेले नव्हते, पण त्याला 'आपलं गाव' म्हणायचे. "राजाने मठ बंद केले, साधूंना बाहेर काढलं. ओवऱ्या तेवढ्या राहिल्या," हे सांगताना त्यांचा आवाज दरवेळी खाली यायचा.

पश्चिमेच्या ओवरीतल्या बाकावर नवशिक्या साधूंनी कोरलेली नवकंकरी होती, तीच आपली, खड्यांनी खेळायची, एकात एक तीन चौकोनांची. पुस्तकातल्या चित्रात तिचे कोपरे पुसट झाले होते. मी लंडनला परिषदेला निघाले, तेव्हा काकांनी एवढंच मागितलं. "कोपरे रेघांनी जोडलेत का, तेवढं बघून ये. आपल्याकडे जोडत नाहीत."

ते गाव लंडनहून रेल्वेने दोन तासांवर. एक दिवस मोकळा होता. तो मी मैत्रिणींबरोबर दुकानं हिंडण्यात घालवला.

परतले तेव्हा काका दारातच उभे. "बघितलंस?"

"हो."

"आणि कोपरे?"

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी म्हणाले, "नाही जोडलेले. अगदी आपल्यासारखी आहे." फोटो मागतील म्हणून 'आत फोटो काढू देत नाहीत' हेही जोडून दिलं. काका खुर्चीत बसले आणि चष्मा काढून डोळे पुसू लागले.

दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांनी मराठी मंडळींपुढे निबंध वाचला. "त्या साधूंचा पट आणि मिरजेचा पट एकच! हिने स्वतः तिथे जाऊन पाहिलंय." टाळ्या पडल्या. मी उभी राहून नमस्कारसुद्धा केला.

महिन्याभराने काकांच्या एका जुन्या पत्राला कॅथेड्रलच्या ग्रंथालयाचं उत्तर आलं, सोबत बाकाचा फोटो. चारही कोपरे जोडलेले होते. काकांनी तो मला दाखवला नाही; शुभाताईंनी सहज दाखवला. पुढच्या कार्यक्रमात काकांनी दोन मिनिटं मागून घेतली. "मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. माझ्या ऐकण्यात गफलत झाली."

"अहो काका, कोणाच्या लक्षात आहे ते!" सूत्रसंचालक हसत म्हणाला.

"माझ्या आहे ना."

मी तिसऱ्या रांगेत होते. हात वर करून एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले.

नंतर काका माझ्याशी पूर्वीसारखेच वागले. तेच मला सोसेना. नोकरीचं निमित्त करून मी शहराच्या दुसऱ्या भागात, आंग मो किओला राहायला गेले. पुढे त्यांची तब्येत ढासळली आणि त्यांनी मिरजेला परत जायचं ठरवलं. चांगी विमानतळावर मी निरोप द्यायला गेले. शुभाताई कागदपत्रं बघायला पुढे गेल्या, तेव्हा व्हीलचेअरमधून काका हळूच म्हणाले,

"त्या दिवशी 'गेले नाही काका' म्हणाली असतीस, तरी मी तुझ्यासाठी चहा टाकलाच असता गं."

ते वर बघत थांबले. चांगले थांबले. माझ्याकडे वेळ होता, त्यांच्याकडे फार उरला नव्हता. चार महिन्यांत ते गेलेच. पण त्या क्षणी मी खाली वाकून त्यांच्या बॅगेची चेन लावली आणि म्हणाले,

"काका, चला, उशीर होईल."