कुत्रा शेजारच्या काकीचा

आमच्या घरात काहीतरी कट शिजतोय, हे मला कळलं ते एका करवंटीवरून. देवाच्या फळीवर, समईच्या मागे, ती उलटी घातलेली होती. उचलली तर खाली दुसरी करवंटी, आणि तिच्यात मूठभर कोंडा. आता आमच्याकडे ना गाय, ना म्हैस. घरात चार पायांवर चालणारं एकच, आणि ते कोंडा खात नाही. माझ्या चपला खातं.

मागचं थोडं सांगायला हवं. मालवणजवळच्या गावी कायमचे परतण्याआधी आम्ही नवरा-बायको बरीच वर्षं मस्कतला होतो. तिथल्या फ्लॅटमध्ये आमचं एक पिल्लू होतं. वाळूच्या रंगाचं, एक कान उभा, एक पडलेला. बायको त्याच्याशी मालवणीत बोलायची. त्या अख्ख्या इमारतीत मालवणी कळणारे आम्ही तिघंच. दुधाचे दात पडायच्या आत ते एका आजारानं गेलं. आधी जेवण सोडलं, मग हाक मारली की बघणं सोडलं. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. बायको रडली नाही. तिनं त्याचं भांडं घासलं, पुसलं आणि सामानातून इथवर आणलं. इथे त्यात कोकमाची सोलं भरून ठेवली आणि म्हणाली, "परत कुत्रो नको."

आणि मी नवं पिल्लू आणलं. कुडाळला एका मित्राच्या कुत्रीला झालेलं, काळं कुळकुळीत, टोपलीत घालून. मोठ्या आविर्भावात टोपली ओट्यावर ठेवली, वरचं फडकं असं झर्रकन ओढलं! बायकोनं लांबूनच वाकून बघितलं. मग विचारलं, "दात कसले हत तेचे? दुधाचे?"

हा काय प्रश्न झाला? करवंटी सापडल्यावर कळलं, कट तिथूनच शिजायला लागला होता.

पुढे तर पुरावेच पुरावे. बायको पिल्लाला हात लावीना. नाव ठेवू देईना. जेवण वाढायची, पण तोंड फिरवून, जसं काही भांडं चुकून तिच्या हातून खाली टेकलं. मासे घेऊन येणाऱ्या बाईला मी कौतुकानं म्हटलं, "बघ गो, आमचा पिल्लू!" तर स्वयंपाकघरातून आरोळी आली, "आमचा नाय हां ता! काकीचा आसा!"

काकी म्हणजे दोन घरांमधल्या चिऱ्यांच्या कुंपणापलीकडची, गडग्यापलीकडची, आमची शेजारीण. एकटीच राहते आणि तिचा आवाज चार घरांना पुरतो. ती रोज दुपारी गडग्याशी येऊन पोटच्या पोराला मारावी तशी हाक मारायची, "माझो झील खंय रे?" की माझं पिल्लू गडग्याच्या भोकातून पसार. परत यायचं ते पोट टम्म आणि तोंडाला सुकटाचा वास घेऊन. मी काय समजायचं? शेजारीण कुत्रा पळवतेय आणि बायको आतून सामील आहे!

लस टोचायला कुडाळला निघालो, तर बायकोनं काकीला रिक्षात बसवलं. मधोमध. डॉक्टरांनी विचारलं, "कुत्रा कोणाचा?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात दोघी एका सुरात: "काकीचो!" "माझो!" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिक्षावाला असल्यासारखा बाहेर बघत राहिलो.

शेवटी एका दुपारी पाळत ठेवली. काकीच्या परसात माडामागे उभा राहिलो. माड बारीक असतो आणि मी नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही. समोर पडवीत काकीशेजारी बायको बसलेली, मांडीवर पिल्लू, त्याचं डोकं तिच्या पदरात. आणि ती त्याच्याशी बोलत होती. मालवणीत, मस्कतला बोलायची तशीच, न थांबता.

मी दशावतारातल्या राक्षसासारखा पाय आपटत पुढे झालो. "काय चल्लाहा ह्या?"

"ये रे झिला," काकी म्हणाली. "माडाच्या दोनय बाजूंनी तुझा पोट कधीपासून दिसताहा."

बायकोनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. थंय मस्कतात आमचा आमचा म्हणान लाड केलंय. कोणीतरी ऐकला." हे म्हणताना तिनं वर पाहिलं. "म्हणान ह्यो काकीक विकलंय. मूठभर कोंड्यार. आमच्या घरात कुत्रो नाय."

आता उजेड पडला. आमच्याकडे पूर्वी ज्या घरात मूल जगत नसे, तिथलं नवं मूल शेजारणीला कोंड्यावर विकत. नेणारा दारात आला, तरी त्याला वाटावं, हे या घरचं नव्हेच. पण कुत्र्याचं पिल्लू कोणी विकल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"माका कित्याक सांगलंस नाय?"

"तुमका सांगितला असता तर गावभर झाला असता."

मी पडवीच्या पायरीवर टेकलो आणि किती दिवस, ते विचारलं.

"दुधाचे दात पडापर्यंत," बायको म्हणाली. "मगे परत घेवया."

त्या दिवसापासून मी सामील. नुसता सामील नव्हे, मुख्य नट! रोज सकाळी अंगणात उभा राहून, वर ऐकू जाईल अशा आवाजात, "काकी, तुझो कुत्रो सांभाळ! माझी चप्पल खाल्ल्यान!" पलीकडून उत्तर, "चप्पल माळ्यार ठेव मरे!" पिल्लू तेव्हा माझ्याच पायावर झोपलेलं असायचं.

मग एका सकाळी पिल्लानं भांड्याला तोंड लावलं नाही. दुपारीही नाही. मस्कतला असंच सुरू झालं होतं. बायको मागच्या पायरीवर हात मांडीत घेऊन बसली, पिल्लाकडे न बघता. मी माझी चप्पल त्याच्यापुढे ठेवून पाहिली. काकी आली, पिल्लाला काखेत मारून आपल्या घरी घेऊन गेली. थोड्या वेळानं गडग्यापलीकडून ओरडा: "येवा रे दोघांय! जेवतलो कसो? दात पडतत तेचे!" तिच्या तळहातावर तांदळाच्या कणीएवढा दात होता. बायको तिथेच गडग्याला टेकून रडली. पहिल्या पिल्लाचंही तेव्हाच रडून घेतलं असावं.

पुढच्या सोमवारी बायको ती कोंड्याची करवंटी घेऊन काकीकडे गेली. काकीनं कोंड्यात बोट घातलं. "ह्यो जुनो कोंडो. माझो कुत्रो ताजो. नाय देवचंय!" माझा जुना संशय पुन्हा डोकं वर काढू लागला. शेवटी बायकोनं गिरणीतून ताजा कोंडा आणला, तेव्हा काकीनं पिल्लू तिच्या हातात दिलं, आणि लगेच तोंड फिरवून सुकट निवडायला बसली.

बायकोनं मस्कतच्या भांड्यातली सोलं बरणीत ओतली, भांडं पिल्लापुढे ठेवलं आणि त्याला पहिल्यांदा नावानं हाक मारली. ते नाव मी इथे लिहिणार नाही. कोण कुठून ऐकत असेल, भरवसा नाही. कोणी विचारलंच, तर आमच्याकडे कुत्रा नाही. ओट्यावर माझी चप्पल खात बसलाय तो शेजारच्या काकीचा.