नळीवाला काटा

चारोटी नाक्यावरच्या त्या मिस्त्रीला ऑइलचं प्रेशर दाखवणारा वायरवाला काटा मुळीच आवडायचा नाही. मी मात्र कासा-तलासरी फेऱ्या मारणाऱ्या माझ्या जीपसाठी तोच मागत होतो. नळीवाल्यात इंजिनातलं तेलच डॅशबोर्डापर्यंत चढतं, आणि नळी फुटली की थेट पायावर गळतं.

"गळू दे ना दादा," तो म्हणाला. "वायर नुसता निरोप देते. नळीतून तेल स्वतः भेटायला येतं."

गिऱ्हाईक मी, पण नेहमीप्रमाणे त्याचंच खरं झालं.

काटा बसवला की तो इंजिन चालू करून काचेवर नखाने टकटक करायचा, आणि काटा हलला की दारातल्या पाहुण्याला म्हणावं तसं म्हणायचा, "आलं, आलं!"

त्या दिवशी तो नळी जोडत असताना वापीला दिलेल्या त्याच्या मुलीचा फोन आला.

"बरी आहेस ना? नाही जमत तर राहू दे. पुढच्या दिवाळीला ये," एवढंच बोलून त्याने फोन खिशात टाकला. हात पुसले. चावी फिरवली, काचेवर टकटक केलं.

काटा सावकाश वर चढला.

"आलीस?" तो म्हणाला.