सुलेखाताईंनी शिकवलेली वाट

तोक्योच्या कोतो भागातल्या मराठी माणसाला डोंगरात जायचं असेल, तर सुलेखाताई दारवटकरांना विचारल्याशिवाय पान हलत नाही. वय एकोणपन्नास, उंची पाच फुटाला दोन बोटं कमी, आणि आवाज मात्र मागच्या बाकावरचं पोरही दचकावं असा. इथल्या एका भारतीय शाळेत त्या भूगोल शिकवतात. नवरा जगदीश चौदा वर्षांपूर्वी दोन वर्षांच्या कंत्राटावर इथं आला, ताई मागोमाग आल्या, आणि ती दोन वर्षं अजून संपायची आहेत. पहिलं वर्ष कचरा वेगळा करायला शिकण्यात आणि रडण्यात गेलं, हे त्या स्वतःच सांगतात. दुसऱ्या वर्षी जपानी शिकल्या. तिसऱ्या वर्षी त्यांनी रविवारची टोळी काढली.

टोळी म्हणजे बारा-पंधरा माणसं, बहुतेक पुण्या-मुंबईकडचे आयटीवाले. ताई त्यांना सकाळच्या पहिल्या गाडीनं डोंगरात नेतात आणि चालवून चालवून जीव नकोसा करतात. वर ज्ञान ऐकावं लागतं ते वेगळंच. ताई वाढल्या वेल्ह्याकडे, वडील डोंगरातल्या शाळेवर मास्तर, त्यामुळे रानाच्या बाबतीत आपल्याला कुणी काही शिकवू नये असं त्यांचं पक्कं मत. "वाट चुकलात तर ढोरवाट शोधायची," हे प्रत्येक सहलीत एकदा व्हायचंच. "जनावर संध्याकाळी गोठ्याकडे परततं. त्याच्या वाटेनं खाली गेलं की गाव लागतंच." बाकीचे माना डोलवून खाऊचे डबे उघडायचे. सुशील तेवढा ते फोनमध्ये लिहून घ्यायचा.

हा सुशील चौतीस वर्षांचा, एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करणारा, ताईंचा उघड उघड लाडका. नोव्हेंबरमधली सहल ओशिमा बेटावर ठरली होती. बेट तोक्योच्याच हद्दीतलं, जलद बोटीनं पावणेदोन तासांवर. मध्ये ज्वालामुखी आणि त्याच्या पूर्वेला राखेचं, काळ्या खड्यांचं ओसाड मैदान. जपानच्या नकाशात वाळवंट म्हणून नोंदलेली जागा ती एवढीच, आणि तेही राष्ट्रीय उद्यानात. सुशील शनिवारी एकटाच सहलीची वाट तपासून यायला गेला. दुपारी धुकं उतरलं. संध्याकाळी तो मुक्कामाच्या घरी पोचला नाही, तेव्हा मालकिणीनं पोलिसांना कळवलं.

रविवारच्या पहिल्या बोटीत ताई होत्या आणि सुशीलची बायको दीप्ती होती. दीप्तीला जपानात येऊन आठ महिने झालेले, भाषेच्या नावानं धन्यवाद आणि माफ करा एवढंच. पूर्ण प्रवासात तिनं ताईंचा हात सोडला नाही. ताई तिला एकच सांगत होत्या, "आपण त्याला घेऊनच परत यायचं."

शोधाला पोलीस होते, अग्निशामक दल होतं आणि गावातले स्वयंसेवक होते. स्वयंसेवकांचे प्रमुख ओकुयामा-सान, वय सत्तरीकडे झुकलेलं, एरवी कामेलिया या फुलझाडाच्या बियांचं तेल काढणारे. त्यांनी कमरेत वाकून, अतिशय नम्रपणे सांगितलं, की बाहेरच्या लोकांना मैदानात सोडता येत नाही, आपण तंबूत बसावं. ताई बसल्या. अर्धा तास. मग चहाचे कप वाटायला उठल्या, मग नकाशाशेजारी उभ्या राहिल्या, आणि दुपारपर्यंत ओकुयामा-सानच्या गाडीत पुढच्या सीटवर होत्या. त्यांना खाली उतरवायचं कसं, याचा नियम कुठल्याच पुस्तकात नसावा.

सुशीलच्या फोनचा शेवटचा ठिकाणा मैदानाच्या पूर्व कडेला मिळाला होता. रविवारी तिथून वरच्या सगळ्या वाटा पालथ्या घातल्या. सोमवारी ज्वालामुखीच्या कडेपर्यंत माणसं हाका मारत गेली. पत्ता नाही. सोमवारी दुपारी पोलीस अधिकाऱ्यानं सांगितलं, की बुधवारपासून माणसं कमी करावी लागतील. दीप्तीनं विचारलं, "काय म्हणाले?" ताईंनी शब्दन् शब्द सांगितला. आणि वर म्हणाल्या, "म्हणजे मंगळवार आपला आहे. अख्खा."

मंगळवारी सकाळी ओकुयामा-साननी दोघींना मैदानाच्या कडेला नेलं. सगळीकडे काळे खडे आणि पायाखाली करकर आवाज. खाली उतारावर दाट झुडपांचं रान सुरू होत होतं.

"तुम्ही सगळे वरच का शोधताय?" ताईंनी विचारलं.

"वाट चुकलेला माणूस वर चढतो," ओकुयामा-सान म्हणाले. "वरून दिसतं, हाक ऐकू जाते. आमच्या पोरांना हे लहानपणीच शिकवतात. खालच्या झुडपात कुणी शिरत नाही. आत ओघळी आहेत, खोल."

ताईंनी झुडपांकडे पाहिलं. तिथं गवतातून एक बारीक, तुडवून गुळगुळीत झालेली वाट आत जात होती. कडेला लेंड्या पडल्या होत्या.

"ही कुणाची वाट?"

"क्योनची. बुटकी हरणं असतात. कधीकाळी पिंजऱ्यातून निसटली, आता बेटावर माणसांपेक्षा जास्त झालीत."

"ती राहतात कुठं?"

"तिथंच, झुडपात. आणखी कुठं जाणार?"

ताई त्या वाटेच्या तोंडाशी उकिडव्या बसल्या. गोठा नव्हता. गाव नव्हतं. जनावर होतं, वाट होती, आणि त्या वाटेला शेवटच नव्हता. धुक्यात एकटा सापडलेल्या सुशीलनं काय केलं असेल, हे त्यांना स्वच्छ दिसलं. वेल्ह्याचं रान त्यांनी कुठलाही विचार न करता या बेटावर आणून ठेवलं होतं. त्यांना स्वतःची मनापासून चीड आली.

बसल्या जागेवरून त्यांनी ओकुयामा-सानना जपानीत सगळं सांगितलं. आमच्याकडे डोंगरात गुरं चरतात, त्यांच्या वाटा गावात जातात, आणि हे मी त्याला शिकवलंय, एकदा नाही, वीसदा. ओकुयामा-साननी लगेच फोन काढला.

"काय सांगितलंत त्यांना?" दीप्तीनं विचारलं.

ताईंना काहीही सांगता आलं असतं. मला एक अंदाज आलाय, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. दीप्तीला कोण सांगणार होतं? पण ताईंनी तिच्याकडे बघून मराठीत पुन्हा तेच सगळं सांगितलं. दीप्तीनं ऐकून घेतलं. मग तिनं ताईंच्या खांद्यावरचा आपला हात काढला आणि चार पावलं दूर जाऊन उभी राहिली.

त्याचं दुःख करायला वेळ नव्हता. क्योन धरायला सापळे लावणारे तिघेजण वीस मिनिटांत छोट्या ट्रकमधून आले. रोज सकाळी सापळे बघत फिरणारी माणसं, त्यामुळे झुडपातली एकेक वाट त्यांच्या नकाशावर पेन्सिलीनं काढलेली. मैदानाच्या या कडेवरून तीन वाटा आत जात होत्या.

"तो कुठली धरेल?" ओकुयामा-साननी ताईंना विचारलं. आता नियमाचं नाव कुणी काढलं नाही.

ताई तिन्ही वाटांच्या तोंडाशी जाऊन वाकून पाहून आल्या. "ही, मधली. सगळ्यात रुंद, सगळ्यात जास्त लेंड्या. मी असंच सांगितलंय."

सापळेवाले पुढं, मग दलाची माणसं, मग ताई. काटे चेहऱ्याला ओरबाडत होते, कितीदा तरी रांगावं लागलं. दर पन्नास पावलांवर ताई थांबून हाक मारायच्या, "सुशीऽऽल!" वर्षानुवर्षं वर्गात कमावलेला आवाज त्या दिवशी पूर्ण वापरला गेला. तासाभरानं वाट फुटली, फुटलेल्या वाटा पुन्हा फुटल्या. प्रत्येक फाट्यावर ताई रुंद वाट निवडत होत्या. तिसऱ्या फाट्यानंतर पुढचा सापळेवाला एकदम हात वर करून थांबला.

खालच्या ओघळीतून कुणीतरी दगडावर दगड आपटत होतं.

सुशील जिवंत होता. पाय घोट्यातून मोडलेला, ओठ फाटलेले, अंगात ताप, आणि बोलणं निम्मं कळत नव्हतं. पानांवरचं पाणी चाटून त्यानं तीन दिवस काढले होते. त्याला दोरांनी वर काढून रस्त्यावर आणायला दुपार उलटली. दीप्ती स्ट्रेचरशेजारी धावत आली, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून मोठमोठ्यानं रडली. ताई लांब, ओकुयामा-सानच्या गाडीला टेकून उभ्या होत्या. जवळ जायची त्यांची हिंमत झाली नाही.

रुग्णवाहिकेतला माणूस दीप्तीला काहीतरी विचारत होता. औषधं, ॲलर्जी, जुनी दुखणी. तिनं दोनदा मान हलवली, मग वळून ताईंकडे आली. डोळे सुजलेले, आवाज मात्र स्थिर.

"आत एकच जण बसू शकतो, असं बोटानं दाखवतायत. तुम्ही बसा."

"अगं, तू बायको आहेस त्याची. तू—"

"मला त्यांचं काही कळत नाहीये आणि त्यांना माझं. सुशीलला पेनिसिलिन चालत नाही, ते आधी सांगा. मी मागून गाडीनं येते." ती क्षणभर थांबली. "माझा तुमच्यावर राग आहे, ताई. बराच दिवस राहील तो. पण आत्ता तुम्ही चढा."

ताई चढल्या.