पार्लरमधला कुकर

"शिट्टी होऊ दे," असं म्हणून ताई उजव्या हाताची मूठ वर धरायच्या. कुकरची पहिली शिट्टी झाली की एक बोट उघडायचं, दुसरीला दुसरं. तिसरं बोट उघडेपर्यंत समोर बसलेल्या बाईच्या हाताला त्या हात लावायच्या नाहीत. मग ती बाई कितीही घाईत असो, तिच्या घरी पाहुणे दारात येऊन का उभे असेनात.

कुकर वरणभाताचा नव्हता. कोपरखैरण्यात, रो-हाउसच्या पुढच्या खोलीत ताईंचं पार्लर होतं आणि त्या कुकरात नखांची हत्यारं असायची. कटर, नखाजवळची कातडी मागे सारायचा पुशर, लहान कात्र्या. एका बाईला वापरलेलं हत्यार शिजल्याशिवाय दुसरीच्या बोटाला लागायचं नाही, हा तिथला कायदा. नव्वदच्या दशकातली गोष्ट सांगतेय. तेव्हा आमच्याकडच्या पार्लरांत फार तर एका वाटीत कसलंसं पांढुरकं पाणी असायचं. हत्यार त्यात बुडवलं न बुडवलं की चला, पुढची बाई. तुम्ही कधी गेला असाल तर आठवत असेल. आपणही काही विचारायचो नाही.

नवीन आलेली बाई हमखास विचारायची, "ताई, आत स्वयंपाक चाललाय का?"

"हो ना. जंतूंचं वरण लावलंय," ताई म्हणायच्या. हसायच्या मात्र नाहीत.

मी त्यांच्याकडे तीन वर्षं कामाला होते. आम्ही साताऱ्याकडचे, माझे मिस्टर तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. लग्न होऊन पाच वर्षं झाली होती, दुपार खायला उठायची, म्हणून हे काम धरलं. पहिल्या दिवशी ताईंनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि मला बेसिनजवळ उभं केलं. "वीसपर्यंत मोज, तोवर घास." मी पंधरालाच हात नळाखाली धरले. ताईंची माझ्याकडे पाठ होती. "पाच राहिले," त्या म्हणाल्या. ह्या बाईला पाण्याच्या आवाजावरून आकडे कळतात हे ध्यानात आलं, आणि तेव्हापासून मी त्यांना जरा वचकून राहिले.

त्या खोलीतली दुपार मला अजून स्वप्नात येते. पडदे ओढलेले असायचे आणि आतला उजेड निळसर व्हायचा. कुकरची वाफ हळूहळू आरशांवर बसायची. बायका कोमट पाण्याच्या टबात पाय सोडून बसायच्या आणि बघता बघता त्यांच्या माना कलायच्या. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला खारट वास असायचा. झोपेत एखादी आपल्या आईला हाक मारायची, आणि ताई त्या आईच्या वतीने हळूच "ओ" द्यायच्या. आरशात कुणाचा चेहरा धड दिसायचा नाही. त्यामुळेच की काय, बायका तिथे खरं बोलायच्या. मी ते दिवस आठवायला बसले की आधी ती वाफ येते आणि मग तिच्यातून एकेक माणूस.

आणि भिंतीवरच्या थैल्या. नखं घासायचा फायलर आणि टाचेची वजरी ह्या वस्तू ज्याच्या त्याच्याच, त्यांची अदलाबदल नाही, असं ताईंचं म्हणणं. म्हणून प्रत्येक बाईने आपल्या ब्लाउजच्या कापडाचं उरलेलं कात्रण आणायचं. ताई त्याची वीतभर थैली शिवायच्या, त्यात तिची वजरी आणि फायलर, आणि थैली भिंतीवरच्या खिळ्याला. नाव लिहायची गरजच नव्हती. आपल्या ब्लाउजचं कापड कोण विसरतं? पंखा लागला की साठ-सत्तर थैल्या एकदम हलायच्या. जांभळ्या, मोरपंखी, ठिपक्याच्या. गाव सोडून गेलेल्या बायकांच्या थैल्याही ताई काढायच्या नाहीत. महिन्यातून एकदा सगळ्यांबरोबर धुवून पुन्हा अडकवायच्या.

ताईंची स्वतःची थैली तेवढी नव्हती. बायकांची नखं अशी काही करायच्या की बघत राहावं, पण आपली नखं कधी कुणाच्या हातात दिली नाहीत. डाव्या अंगठ्यावर कायम हातमोज्याचं कापलेलं रबरी बोट चढवलेलं असायचं. "कापलंय का हो?" असं मी पहिल्या आठवड्यात विचारलं. "जुनं आहे," म्हणाल्या आणि विषय मिटला.

आता ज्यासाठी हे सांगायला बसले ते सांगते. सांगताना अजूनही माझी मान खाली जाते.

लग्नसराईचे दिवस होते. खाडीकाठच्या दिवाळे गावाहून आमच्या गल्लीत मासळी घेऊन येणारी एक मावशी होती. आवाज असा की अख्ख्या सेक्टरला कळावं आज बोंबील आलेत. त्या दिवशी ती पाटी न घेता आली, लेकीला पुढे घालून. "बाय, माजे पोरीचं हात बघ गो जरा. परवा हलद हाय."

पोरगी गोड होती आणि हात मासळी साफ करून करून रापलेले. त्यांच्या आधी खुर्चीवर वाशीच्या एक साहेबीणबाई होत्या. गाडीतून यायच्या, हात लोण्यासारखे, नखांना फिकट गुलाबी रंग. त्यांचं मीच केलं. त्यांच्या एका नखाच्या कडेला किंचित लालसर दिसलं होतं. मी म्हटलं, असेल कालच्या मेंदीचं काहीतरी.

ताई आतल्या खोलीत एकीचे केस वाळवत होत्या, ड्रायर भणभणत होता. शिजलेले कटर संपले होते. मी साहेबीणबाईंचा कटर कुकरात टाकला, शेगडी पेटवली, आणि पहिली शिट्टी यायच्या आत गॅस संपला. दुसरं सिलिंडर मागच्या अंगणात. मावशीला परतीची बस गाठायची होती, ती दारात येरझाऱ्या घालत होती. मी कुकर उघडला. कटर नुसता कोमट झाला होता.

माझ्या मनात तेव्हा काय आलं ते लपवत नाही. वाटलं, असल्या गोऱ्या, मऊ, कधी भांड्याला न लागलेल्या हाताला काय असणार? उलट ह्या पोरीच्या हातानंतर मात्र मी चार शिट्ट्या काढणार होते. कोळणीची पोर ना! मी कटर पुसला आणि तिचा हात हातात घेतला.

आतून ताईंनी विचारलं, "शिट्टी झाली?"

"झाली, ताई," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. साहेबीणबाई होत्या. बोट टम्म सुजलं होतं, नखुरडं झालं होतं, डॉक्टरने कापून पू काढला होता. "तुमच्याच पार्लरमधून आलंय हे," एवढं मला लांबूनही ऐकू आलं. ताईंनी शांतपणे विचारलं, "आधीपासून ठणकत होतं का हो?" पलीकडून बहुतेक हो आलं असावं. ताईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"त्यांच्यानंतर कोण बसलं?"

"मावशीची मुलगी."

"कटर तोच?"

मी भिंतीवरच्या थैल्यांकडे बघत राहिले.

"मला ऐकू आली नव्हती शिट्टी," ताई म्हणाल्या. "पण ड्रायर चालू होता. आणि तू म्हणालीस, झाली."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "चप्पल घाल."

दिवाळ्याला पोचलो तेव्हा ओहोटी होती. होड्या चिखलात एका अंगावर कलून पडल्या होत्या. दोऱ्यांवर मासळी वाळत होती आणि मावशीच्या दारात मांडव बांधायचं काम चाललं होतं. ऊन इतकं पांढरं होतं की सगळं गाव पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं. मावशीने हौसेने बसायला चटई टाकली. ताई बसल्या आणि सरबत यायच्या आधीच सगळं सांगून मोकळ्या झाल्या. काल वापरलेलं हत्यार स्वच्छ नव्हतं. पोरीच्या बोटाला पू धरू शकतो. चूक माझी, असं ताई म्हणाल्या.

मावशीचा चेहरा उतरला, मग तापला. "उद्या पोरीची हलद, न तू आज सांगतंस मना?"

"आज कळलं म्हणून आज आले."

"न सांगतीस तर काय झालं असतं? कोनाला कललं असतं?"

ताईंनी डाव्या अंगठ्यावरचं रबर काढलं आणि हात पुढे केला. मीही तेव्हाच पाहिलं. ते नख नव्हतंच. जुन्या करवंटीचा तुकडा चिकटवल्यासारखं काहीतरी जाड, तपकिरी, वाकडं.

"मी शिकत होते तिथे लागलं हे. कुणाच्यातरी बोटावरून," ताई म्हणाल्या. "त्यांना माहीत होतं. मला कुणी सांगितलं नाही. आठवड्यात कळलं असतं तर औषध करता आलं असतं. मला कळलं तोवर वर्ष गेलं होतं."

मांडवाचे बांबू ठोकणारे थांबले होते. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "चूक ताईंची नाही. माझी आहे. मी खोटं बोलले." ते म्हणताना मला इतकं रडू आलं की मावशीनेच पाण्याचा तांब्या पुढे केला. "पी आधी," म्हणाली. आवाजातला राग अजून गेला नव्हता.

पोरीच्या मधल्या बोटाला नखाशेजारी लाल रेघ उमटली होती. ती म्हणाली, बांगड्या भरताना दाबलं असेल असं वाटलं. आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं, गोळ्या घेतल्या. मग पार्लर बंद ठेवून, ऐन सराईत, ताई मावशीच्या ओसरीवर बसून राहिल्या. दर थोड्या वेळाने गरम मिठाच्या पाण्याचं भांडं आणि त्यात पोरीचं बोट. वाफेने तिला पेंग यायची. ती ताईंच्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची, हात तसाच भांड्यात. मला वाटायचं, कोपरखैरण्याची खोलीच उठून इथे आलीय.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लाली ओसरली. हळदीत पोरगी नखशिखांत पिवळी झाली, फक्त ते एक बोट ताईंनी धरून वर ठेवलं होतं. बायका हसत होत्या, गात होत्या, आणि ताई त्या कोरड्या बोटाची राखण करत बसल्या होत्या. मी आयुष्यात बरीच लग्नं पाहिली. माझ्या डोळ्यांपुढे येतं ते हेच.

पण बाहेर जे व्हायचं ते झालं. साहेबीणबाईंनी वाशीत सांगितलं की त्या पार्लरमध्ये बोट सडतं. महिन्याभरात निम्म्या बायका यायच्या बंद झाल्या. काहींनी थैल्याही नेल्या. मोकळे खिळे बघून माझं काळीज तुटायचं.

"सांगा ना सगळ्यांना," मी चिडून म्हटलं, "त्यांच्याच बोटाला आधीपासून होतं म्हणून!"

"माझ्याकडे आलेल्या बोटाची गोष्ट मी बाहेर नाही सांगायची," ताई म्हणाल्या. "चल, सिलिंडर आणून ठेव. आता दोन्ही आतच ठेवत जाऊ."

मला काढलं नाही. का काढलं नाही, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. फक्त त्या दिवसापासून "शिट्टी झाली?" हे त्या मला विचारेनाशा झाल्या. स्वतः येऊन कुकरजवळ उभ्या राहायच्या. ती शिक्षा होती की सवय, कोण जाणे. मला ती लागायची.

मग एके दुपारी पडदा सरकवून मावशी आली, मागे दिवाळ्याच्या चार बायका. हातात लुगड्यांची कात्रणं. आल्या आल्या मावशीचा आवाज, "शिटी झाली काय गो बाय?" आणि ताई हसल्या. तीन वर्षांत मी त्यांना मोठ्याने हसताना पाहिलं ते तेवढंच. मोकळ्या खिळ्यांवर हिरव्या-लाल चौकडीच्या थैल्या आल्या. खोलीच्या वाफेत खाडीचा वास जरा जास्त मिसळला, एवढंच.

पुढच्या वर्षी ताईंचे मिस्टर निवृत्त झाले आणि दोघं चिपळूणकडच्या गावी जायला निघाली. रो-हाउस विकलं. थैल्या ज्याच्या त्याच्या घरी पोचवल्या. ज्यांचा पत्ता नव्हता त्या माझ्याकडे दिल्या, कुकरही दिला. त्यानंतर ताई मला भेटल्या नाहीत. एक-दोन पत्रं आली, मग तीही थांबली. माझ्या घरी आज सात थैल्या आहेत. महिन्यातून एकदा मी त्या धुते. सातवी निळी आहे, ताईंच्या जुन्या ॲप्रनच्या कापडाची. ती मी शिवली.

ती शेवटच्या दिवशी शिवली. सामान गेलं होतं, खोलीत पडदे, एक खुर्ची, टब आणि शेगडी-कुकर एवढंच उरलं होतं. "ताई, बसा," मी म्हटलं. "आज तुमची नखं."

"वेडी आहेस का? माझा अंगठा..."

"अंगठा शेवटी घेईन. त्याचा कटर वेगळा शिजवलाय."

त्या बसल्या. मी पडदे ओढले, टबात कोमट पाणी घातलं, कुकर लावला. आरसे काढून नेले होते, त्यामुळे वाफ नुसतीच भिंतींवरच्या रिकाम्या खिळ्यांमधून फिरत होती. ताईंची मान हळूहळू कलली. मला वाटलं झोप लागली. मी बेसिनशी उभी राहून वीसपर्यंत मोजत हात घासले. मागे कुकर वाजत होता. एक. दोन. तीन.

"शिट्टी झाली?" ताईंनी डोळे न उघडता विचारलं. वर्षभराने पहिल्यांदा विचारलं.

"झाली, ताई."

"हं. ऐकू आली मला," त्या म्हणाल्या, आणि अंगठ्यावरचं रबर काढून त्यांनी आपला हात माझ्या हातात दिला.